डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला कर्णनाद: सीटी स्कॅन स्वच्छ, मग कान का वाजतो?

जवारी

नमस्कार. आठ आठवड्यांपूर्वी सांगलीहून मिरजेला परतताना वळणावर सांडलेल्या वाळूवरून माझी स्कूटर घसरली आणि उजवे कानशील दुभाजकाच्या कडेवर आपटले. हेल्मेट होते, परंतु ते पायाशी हुकाला अडकवलेले होते. या विषयावर घरात सर्वांचे बोलून झालेले असल्याने इथे त्याची उजळणी नको, ही विनंती. दोन-तीन मिनिटे मला शुद्ध नव्हती, असे उचलणाऱ्यांनी सांगितले. रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ आला, कानामागे चार टाके पडले आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर खोलीत रातकिडा शिरला आहे असे वाटले. मी उठून दिवा लावला, खिडकी बंद केली, कपाटामागे वाकून पाहिले. काय शोधताय, असे पत्नीने विचारले तेव्हा कळले की तिला काहीच ऐकू येत नव्हते. उजव्या कुशीवर झालो तेव्हा तोच आवाज आणखी ठळक झाला आणि रातकिडा कुठे आहे याचा उलगडा झाला. रुग्णालयातील पंखे, ट्रॉल्या आणि शेजारच्या खाटेवरचे घोरणे यांत तो बहुधा दबून गेला असावा.

माझा व्यवसाय तानपुरे दुरुस्त करण्याचा आहे. जवारी, म्हणजे तारेची झळाळी, काढताना घोडीवर कानस फिरवून, तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून तार कुठे खुलते ते ऐकावे लागते, आणि हे काम मी पंचवीस वर्षे उजवा कान वाद्याकडे करून करत आलो आहे. आता त्या कानाला तार ऐकू येते, परंतु तिची झळाळी ऐकू येत नाही. स्कॅन स्वच्छ असताना असे का व्हावे, हा आवाज जाईल का, आणि आठ आठवडे थांबून मी काही चूक केली आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

कृष्णाकाठ

काळजी घ्या. माझ्या वडिलांचा कान वाजत असे तेव्हा आजी लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून दोन थेंब सोडत असे आणि त्यांना बरे वाटे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाच्या 28 रोगांत कर्णनादाची गणना केलेली आहे, म्हणजे हा त्रास आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एखाद्या चांगल्या वैद्यांकडून कर्णपूरण, म्हणजे कानात औषधी तेल भरणे, करून पाहण्यास हरकत नसावी.

कर्णधार

(टोपणनावाबद्दल क्षमस्व. कान-नाक-घसा हा विषय असल्यावर माणूस दुसरे काय नाव घेणार!)

प्रथम कृष्णाकाठ यांना नम्रपणे थांबवतो. मार लागलेल्या कानात, पडदा शाबूत आहे हे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय, तेल, पाणी किंवा औषधाचा एकही थेंब घालू नये. कवटीच्या तळाच्या हाडाला तडा गेला असेल तर मेंदूभोवतीचे पाणी कानातून किंवा नाकातून झिरपू शकते, आणि अशा वेळी कानात घातलेल्या वस्तूबरोबर जंतूंना थेट मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळते. उशीवर रक्ताचा डाग पडून त्याभोवती फिकट पाणेरी कडे उमटणे, पुढे वाकल्यावर एका नाकपुडीतून पाणी ठिबकणे, घशात खारट चव येणे, किंवा अपघातानंतर एक-दोन दिवसांनी कानामागे निळे-जांभळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर कानात बोळा कोंबू नये, नाक शिंकरू नये आणि तडक रुग्णालय गाठावे.

आता मूळ प्रश्न. डोक्याला मार लागल्यावर काढलेला सीटी स्कॅन प्रामुख्याने मेंदूत रक्तस्राव आहे का आणि कवटी फुटली आहे का, एवढ्याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधत असतो. जीव वाचवण्यासाठी तेच प्रश्न महत्त्वाचे असतात, त्यामुळे स्कॅन स्वच्छ आहे असे सांगणाऱ्या डॉक्टरांचे काहीच चुकलेले नसते. फक्त त्या स्वच्छपणात कानाचा हिशेब धरलेला नसतो. कर्णावर्त हा शंखाच्या आकाराचा अवयव, म्हणजे अडीच वेढ्यांची नळी, शरीरातील सर्वांत टणक हाडात बसवलेला असतो आणि त्यात आवाज टिपणाऱ्या आतल्या रांगेतील केसपेशी जेमतेम साडेतीन हजार असतात. कानशिलावर बसलेला दणका हाडातून त्या नळीतल्या द्रवापर्यंत लाटेसारखा पोहोचतो. हाड अभंग राहते, परंतु त्या पेशींची केसांसारखी टोके मोडतात, वाकतात किंवा पेशीच मरून जाते. सीटी स्कॅनला हे दिसण्याची शक्यताच नसते. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

हा दणका सर्वाधिक जाणवतो तो साधारण 4000 ते 8000 हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि मोठ्या आवाजामुळे होणारी हानीही जवळपास याच भागात दिसते. आपल्याला तारेचा मूळ स्वर ऐकू येतो आणि झळाळी हरवते, हे वर्णन वाचून मी खुर्चीत ताठ बसलो, कारण जवारीची सारी करामत त्या वरच्या उपस्वरांत असते. अर्थात केवळ वर्णनावरून निदान करणे योग्य नाही. पडद्यामागे रक्त साचले असेल किंवा मधल्या कानातील ऐरण आणि रिकीब या इवल्या हाडांचा सांधा निखळला असेल, तरीही कान वाजतो आणि ऐकू कमी येते. त्यातले रक्त काही आठवड्यांत शोषले जाते आणि निखळलेली साखळी शस्त्रक्रियेने जोडता येते. म्हणून कान नेमका कुठे बिघडला आहे हे आधी ठरले पाहिजे. आपल्या कपाळावर कुणी स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) ठेवून पाहिला का? श्रवणालेख, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ऐकू येते याचा आलेख, काढला का?

जवारी

स्वरकाटा माझ्याच दुकानात आहे, कपाळावर मात्र आजवर कुणी ठेवला नव्हता. श्रवणालेखाबद्दल कुणी बोललेच नाही. उद्याच वेळ घेतो.

सांजवेळ

हा धागा वाचून न राहवून लिहिते आहे, कारण आमच्या घरी जे झाले ते यापेक्षा वेगळे होते आणि ते वेगळेपण ओळखण्यात आमचे मोलाचे दिवस वाया गेले.

माझी मावशी न्हाणीघरात घसरून पडली. तिचे डोके नळाला लागले, टेंगूळ आले, दोन दिवसांत उतरले. तीन आठवड्यांनी ती म्हणू लागली की कानात कुणीतरी भाता चालवतो आहे. तिला जवारी यांच्यासारखी किणकिण किंवा किर्र ऐकू येत नव्हती. सूं, सूं, सूं असा थांबून थांबून येणारा आवाज होता, आणि जिना चढल्यावर तो भराभर येत असे. पाठोपाठ त्या बाजूचा डोळा लाल झाला. डोळे आले असे समजून दहा दिवस थेंब घातले, लाली वाढली आणि डोळा किंचित पुढे आल्यासारखा दिसू लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी तिचे ऐकून घेतले, तिची नाडी धरली आणि तिला तोंडाने आवाजाची नक्कल करायला सांगितली. ती सूं म्हणे तेव्हा प्रत्येक वेळी त्यांच्या बोटाखाली ठोका पडत होता. मग त्यांनी तिच्या मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला, थोडा वेळ ऐकले आणि नळी माझ्या कानाला लावली. मावशीचा भाता मलाही ऐकू आला. तो क्षण मी विसरणार नाही.

मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी डोळ्यामागच्या शिरांच्या जाळ्यात फुटली होती. मांडीतून नळी घालून आतून बारीक तारांची वेटोळी बसवली आणि ते छिद्र बंद केले. शुद्धीवर आल्यावर तिचे पहिले वाक्य होते, भाता थांबला.

कर्णधार

सांजवेळताई, आपण हे लिहिले हे फार बरे झाले. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज आणि सतत चालणारा आवाज या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि मार लागल्यानंतर सुरू झालेल्या ठोकेबद्ध आवाजाला रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाल्याशिवाय किरकोळ म्हणू नये. रोहिणी आणि शिरा यांच्यात आडवाट तयार होणे, किंवा मानेतील रोहिणीचा आतला पदर फाटणे, ही त्यामागची गंभीर कारणे असतात. पदर फाटल्यास पुढे पक्षाघाताचा धोका असतो. वाचकांनी घरच्या घरी एवढे करून पाहावे की मनगटावर बोट ठेवून कानातला आवाज त्या तालात आहे का, ते ऐकावे.

त्याचबरोबर, साठी ओलांडलेल्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला पडल्यानंतर काही आठवड्यांनी वाढती डोकेदुखी, गोंधळलेपण किंवा चालताना झोक जाणे असे होऊ लागले, तर कवटीच्या आत हळूहळू साचलेल्या रक्ताची शंका घेऊन पुन्हा स्कॅन करावा लागतो. पहिला स्कॅन स्वच्छ होता, हे तेव्हा उत्तर ठरत नाही.

मणका

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या चर्चेत मान आणि जबडा राहून गेले आहेत. डोक्याला झटका बसतो तेव्हा मानही हिसडली जाते. मानेच्या वरच्या मणक्यांतून आणि जबड्याच्या सांध्यातून निघालेल्या मज्जातंतूंचे धागे मेंदूच्या देठातील ज्या केंद्रात पोहोचतात, त्याच केंद्रात कानाकडून आलेला पहिला संदेशही उतरतो. त्यामुळे मानेच्या ताठरलेल्या स्नायूंचा गोंगाट आवाज म्हणून ऐकू येऊ शकतो, किंवा असलेला आवाज त्यामुळे वाढतो. शांत खोलीत बसून दात घट्ट आवळावेत, जबडा पुढे काढावा, मान दोन्हीकडे वळवावी. यामुळे कानातला आवाज चढला-उतरला तर शरीराच्या या भागाचा त्यात वाटा असण्याचा संभव आहे, आणि अशा काही जणांना मान व जबड्यावरील उपचारांनी उतार पडतो. मात्र कर्णावर्ताची हानी मान चोळून भरून येत नाही, आणि अपघातानंतर मानेचे मणके शाबूत असल्याची खात्री झाल्याशिवाय कुणाकडूनही मान मोडून घेऊ नये, विशेषतः केशकर्तनालयात.

जवारी

तपासणी झाली, ती सविस्तर लिहितो.

कानाच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला, तो शाबूत आहे आणि मागे रक्त नाही. मग त्यांनी 512 हर्ट्झचा स्वरकाटा ठोकून माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि आवाज कोणत्या बाजूला येतो, असे विचारले. आवाज सरळ डाव्या कानात गेला. त्यांनी मान हलवली आणि समजावले की हाडांची साखळी तुटली असती तर तो उजव्या, म्हणजे अधू कानात मोठा वाटला असता. चांगल्या कानात गेला याचा अर्थ बिघाड आतल्या कानात आहे. साधा लोखंडी काटा एवढे सांगतो हे पाहून मला, इतकी वर्षे तो हाताळूनही, संकोच वाटला.

श्रवणालेखात डावा कान वयाला साजेसा आहे. उजव्या कानाची रेघ 2000 हर्ट्झपर्यंत ठीक चालते आणि 4000 पासून कड्यासारखी खाली कोसळते. 6000 वर 55 डेसिबलची उणीव आहे. नंतर त्यांनी माझ्या आवाजाला जुळणारा स्वर यंत्रावर शोधला, तो 6000 च्या आसपास मिळाला. पेटीची शेवटची पट्टीसुद्धा त्याच्या कितीतरी खाली राहते. जोर जुळवून पाहिला तेव्हा मात्र मी चकित झालो. ज्या आवाजाने माझी झोप उडवली आहे तो त्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा फक्त 6 डेसिबलने मोठा निघाला.

एक शंका राहते. यंत्रावरचा एकच स्वर उजव्या कानात ऐकला तेव्हा तो डाव्यापेक्षा किंचित चढा लागला. मी तीनदा खात्री करून घेतली. हा भास आहे का?

श्रवणा

मी श्रवणतज्ज्ञ आहे. हा भास नव्हे. कर्णावर्तात प्रत्येक जागा एका विशिष्ट वारंवारतेसाठी राखलेली असते. काही जागा निकामी झाल्या की तिथला स्वर शेजारच्या पेशी उचलतात आणि तो मेंदूला थोडा वेगळा कळतो. यास डिप्लाक्युसिस म्हणतात. सर्वसाधारण माणसाला हे जाणवतही नाही. तानपुरे लावणाऱ्याला जाणवणारच.

कर्णनादाचा स्वर नेमका उणिवेच्या पट्ट्यात मिळाला, यातही नवल नाही. जिथून संदेश येणे बंद झाले, त्या पट्ट्यासाठी मेंदूची श्रवणकेंद्रे जणू आवाजाची खुंटी पिळून पुरती वर नेतात, आणि मग मज्जातंतूंची जी आपसूक कुजबुज एरवी ऐकू येत नाही, तीच स्वर म्हणून समोर येते. म्हणूनच कानाची नस कापूनही हा आवाज हमखास थांबत नाही. हेलर आणि बर्गमन यांनी 1953 साली चांगले ऐकू येणाऱ्या 80 प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येते ते विचारले, तेव्हा 94 टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज सांगितला. कुजबुज प्रत्येकाच्या डोक्यात असते. मेंदू तिला बिनकामाची ठरवून बाजूला ठेवतो. मार लागलेल्या माणसाचा मेंदू मात्र घाबरलेला असतो, झोप बिघडलेली असते, अनेकांना भांड्याचा आवाजही सहन होत नाही, आणि अशा अवस्थेत तो या कुजबुजीला धोक्याची घंटा समजतो. 6 डेसिबलच्या आवाजाने घर डोक्यावर का घेतले, याचे उत्तर तिथे आहे.

उपचारांत सर्वप्रथम पूर्ण शांतता टाळावी. रात्री पंखा, पावसाचा आवाज किंवा तत्सम काही मंद सुरू ठेवावे, आणि तो कर्णनाद झाकून टाकण्याइतका मोठा नसून त्याच्या खाली मिसळणारा असावा. ऐकण्यात उणीव असेल तर श्रवणयंत्र लावून पाहावे, कारण हरवलेल्या पट्ट्यातील आवाज पुन्हा पोहोचू लागला की मेंदूने पिळलेली ती खुंटी काहीशी सैल पडते. आवाजाशी असलेले भीतीचे नाते सोडवण्यासाठी वर्तनोपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, पुरावा सर्वांत भक्कम आहे. खर्च परवडत नसेल त्यांच्यासाठी मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे; तिथे श्रवणाची सर्व तपासणी होते.

कृष्णाकाठ

तेलाचा सल्ला मी मागे घेतो. परंतु औषधाच्या दुकानात कान वाजण्यावर गोळ्यांची पाकिटे मिळतात, त्यांचे काय?

कर्णधार

थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गिंको या वनस्पतीचा अर्क, मेलाटोनिन आणि जस्त यांची शिफारस करू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि नैराश्यावरील, फिटवरील वा चिंतेवरील गोळ्याही केवळ कर्णनादासाठी सरसकट देऊ नयेत असे सांगितले आहे. नैराश्य खरोखर असेल तर त्याचा उपचार अवश्य करावा, तो भाग निराळा. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत स्वतःच कान वाजवते, शिवाय ताज्या माराच्या वेळी रक्तस्राव वाढवू शकते. शेजाऱ्याला अचानक बहिरेपण आले तेव्हा स्टेरॉइडने गुण आला म्हणून डोक्याला मार लागल्यावर ते मनाने घेऊ नये. डोक्याच्या दुखापतीत मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडची 10,008 रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाला, आणि औषध मिळालेल्या गटात मृत्यू अधिक झाले होते.

जवारी यांच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक राहिला होता. आठ आठवडे थांबल्याने नुकसान झाले का? आपल्या बाबतीत, पडदा आणि साखळी शाबूत असताना, फारसे नाही. आतल्या कानाला बसलेल्या हादऱ्यातून काही अंशी सुधारणा पहिल्या काही महिन्यांत आपोआप होते. मात्र मार लागताच ऐकू येणे एकदम बंद झाले, चक्कर थांबेना, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा शिंकताना-जोर करताना गरगरले, तर त्याच दिवशी दाखवावे.

वकीलवाडा

एक कोरडी परंतु उपयोगाची सूचना. ज्यांचा अपघात दुसऱ्या वाहनामुळे झाला असेल त्यांनी कानाची तक्रार रुग्णालयाच्या कागदांत पहिल्यापासून लिहून घ्यावी आणि श्रवणालेख लवकर काढून ठेवावा, अन्यथा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ती मागाहून सुचलेली दिसते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मात्र भिस्त ठेवू नये. 2016 च्या कायद्यातील व्याख्येनुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या वारंवारतांवर, किमान 60 डेसिबलची हानी असावी लागते. नुसत्या वाजणाऱ्या कानाला त्या मोजपट्टीवर जागा नाही.

निद्रानाश

मी फक्त वाचत होतो. दीड वर्षापूर्वी जिन्यावरून पडलो, तेव्हापासून दोन्ही कान शिट्टी मारतात. पहिल्या तीन महिन्यांत रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन उभा राहत असे आणि डोक्यात येऊ नयेत असे विचार येत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर एका रात्री फोन केला. तिकडच्या बाईंनी आवाज घालवण्याचे वचन दिले नाही, सकाळ होईपर्यंत काय करायचे एवढेच ठरवून दिले. आज शिट्टी तशीच आहे. हे लिहिताना ऐकू येते आहे, जेवताना आली होती का ते आठवत नाही.

जवारी

तीन महिने झाले, म्हणून कळवतो. निद्रानाश, आपला प्रतिसाद मी पत्नीलाही वाचून दाखवला.

रात्री खोलीत एक जुना तानपुरा ठेवला आहे. मुलाने त्याचे अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण करून दिले, ते मंद आवाजात फिरत राहते आणि झोप लागते. कर्णनादाची 25 प्रश्नांची प्रश्नावली पहिल्यांदा भरली तेव्हा 100 पैकी 58 गुण झाले होते, आता 34 आहेत. श्रवणालेखात 4000 वर दहा डेसिबलची सुधारणा दिसते, 6000 वर काही नाही. श्रवणयंत्र पंधरा दिवस वापरून पाहण्यासाठी आणले आहे. त्यातून तार पत्र्यासारखी ऐकू येते, परंतु माणसे नीट ऐकू येतात, त्यामुळे गिऱ्हाईक आले की लावतो आणि कानस उचलली की काढतो.

दुकानातली बैठक मी उलटी फिरवली आहे. आता वाद्य डावीकडे, खिडकी उजवीकडे. पंचवीस वर्षांत हात एका दिशेने वळलेला असल्याने पहिले दोन तानपुरे बिघडवले आणि स्वखर्चाने पुन्हा केले. तिसरा परवा पुण्याला गेला. अजून परत आलेला नाही.